तिसरं घर

गिअरबॉक्स टायरवर उभा केला होता. शेपटाची बाजू ट्रकच्या जुन्या टायरच्या पोटात रोवलेली, बेल हाउसिंगचं, म्हणजे इंजिनाला जोडायच्या घंटेसारख्या कवचाचं, रुंद तोंड वर पत्र्याकडे. मधोमध शाफ्ट, तेलानं लालसर झालेला, आणि त्याच्याभोवती नव्या ऑइल सीलची काळी कड. दोन महिन्यांपूर्वी आयटीआयमधून आमच्याकडं आलेली मुलगी ऑटोमॅटिक गाडीचा टॉर्क कन्व्हर्टर दोन्ही हातांनी धरून त्यावर वाकली होती. कन्व्हर्टरच्या पाठीवरच्या आट्यांत तिनं दोन लांब बोल्ट हातानं फिरवून लावले होते, धरायला मूठ म्हणून. तेल घातलेला कन्व्हर्टर पंधरा किलोच्या आसपास भरतो. तो नुसत्या गुळगुळीत कडेला धरून सरळ खाली सोडणं अवघड.

खट् असा आवाज आला. थोडं फिरवल्यावर पुन्हा एकदा, जरा खोलातून. मग कन्व्हर्टर मोकळा गोल फिरायला लागला.

"बसला काका," ती म्हणाली.

"किती घरं लागली?"

तिनं मनात मोजलं. "दोन."

मी पुढं काही बोललो नाही. पट्टी आणि खोली मोजायचा व्हर्नियर तिच्या हाताशीच होते.

आमच्या धंद्यात 'घर' हा शब्द दिवसातून शंभरदा येतो. बेअरिंगचं घर, सीलचं घर, चावीचं घर. वस्तू जिथं बसायची तिथं बसली की ती घरात बसली. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात सव्वीस वर्षं गिअरबॉक्स खोलतोय आणि बसवतोय, पण या एका शब्दापेक्षा नेमका शब्द मला मिळालेला नाही. ऑटोमॅटिक गाडीच्या टॉर्क कन्व्हर्टरला अशी तीन घरं असतात. तिन्ही एकाच्या आत एक. तिन्ही एकाच वेळी लागायला हवीत, आणि बसवणाऱ्याला त्यातलं एकही दिसत नाही. कन्व्हर्टर स्वतःच सगळं झाकून टाकतो. उरतात हात आणि कान.

हा कन्व्हर्टर म्हणजे काय, हे गिऱ्हाइकांना सांगताना मी ताकाचा डेरा आठवायला लावतो. आमच्या घरी आजी ताक करायची तेव्हा डेरा चुंबळीवर ठेवलेला असायचा. चुंबळ नीट नसली की रवीबरोबर डेराही फिरायला बघायचा, आणि मला तो दोन्ही हातांनी धरून बसावं लागायचं. रवी डेऱ्याला कुठंच टेकलेली नसते, मधे फक्त ताक असतं. तरी रवीची फिरकी ताकातून डेऱ्यापर्यंत पोचते आणि हाताला चांगली ओढ लागते. कन्व्हर्टरमध्ये हेच चालतं. इंजिनाला जोडलेलं एक पात्यांचं भांडं तेल फेकतं, ते तेल समोरच्या दुसऱ्या पात्यांच्या चाकाला फिरवतं, आणि ते चाक गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरवतं. पहिलं इम्पेलर, दुसरं टर्बाइन. लोखंडाला लोखंड लागत नाही. म्हणून ऑटोमॅटिक गाडी सिग्नलला गिअरमध्ये असतानाही इंजिन बंद न पडता उभी राहू शकते.

पण एवढ्यावर थांबलं तर ते नुसतं कपलिंग. खरी करामत मधल्या तिसऱ्या चाकात आहे, स्टेटरमध्ये. टर्बाइनला ढकलून परत येणारं तेल उलट्या दिशेनं येतं. ते तसंच इम्पेलरवर आदळलं तर इंजिनाचाच जोर खाईल. स्टेटरची पाती त्या तेलाला वळवतात आणि इम्पेलरच्या फिरण्याच्या दिशेनंच परत पाठवतात. त्यामुळं गाडी जागेवरून हलताना इंजिनाचा जोर जवळपास दुप्पट होऊन चाकांकडं जातो. गाडीनं वेग घेतला, टर्बाइन इम्पेलरच्या जवळपास तितकंच फिरायला लागलं, की स्टेटरची गरज संपते. त्याच्या पोटात सायकलच्या फ्रीव्हीलसारखा एकाच दिशेला फिरणारा क्लच असतो, तो त्याला सोडून देतो. त्यानंतर लॉकअप क्लच लागतो आणि इंजिन व गिअरबॉक्स सरळ जोडले जातात. मधल्या तेलात वाया जाणारं डिझेल तिथं वाचतं.

ही कल्पना मुळात मोटारगाडीसाठी नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. हेर्मान फोटिंगर हा जर्मन इंजिनिअर स्टेटिन इथल्या वुल्कान जहाज कारखान्यात होता. वाफेची टर्बाइन फार वेगानं फिरायची आणि जहाजाचा पंखा सावकाश फिरायला हवा होता. या दोघांची सांगड घालायला त्यानं तेलापाण्यातून जोर पोचवण्याची युक्ती काढली आणि 1905 साली तिचं पेटंट घेतलं. अमेरिकेत 1940 च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिलमध्ये आलेल्या हायड्रामॅटिकमध्ये नुसतं कपलिंग होतं, स्टेटर नव्हता. टॉर्क कन्व्हर्टर घेऊन 1948 मध्ये ब्युइकचा डायनाफ्लो आला. आपल्याकडं तर हे तंत्र मोटारींआधी रेल्वेत मुरलं. रेल्वेचे इंजिनिअर मनमोहन सुरी यांनी कन्व्हर्टर आणि कपलिंग एकत्र गुंफणारं ट्रान्समिशन तयार केलं. त्यांच्या नावानंच ते ओळखलं जातं, आणि चित्तरंजनला बनलेल्या डब्ल्यूडीएस-4 या शंटिंग इंजिनांत ते वापरलं गेलं. इंजिनिअरिंगचा पहिला भटनागर पुरस्कार 1962 मध्ये त्यांनाच मिळाला. माझ्या शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले एक फिटर राहतात. सुरी हे नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं. इतकी वर्षं मी या कामावर पोट भरतोय आणि आपल्या माणसाचं नाव मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तरी किती पोरांना सांगितलं? आता सांगतो.

तर तीन घरं. टर्बाइनच्या मधोमध आतल्या बाजूला दाते असतात, त्यांना आम्ही स्प्लाइन म्हणतो. ते गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या दात्यांत बसायला हवेत, हे एक घर. त्या शाफ्टभोवती एक पोकळ नळी असते, पंपाला घट्ट धरलेली, कधीच न फिरणारी. स्टेटरचे दाते त्या नळीच्या दात्यांत बसायला हवेत, हे दुसरं. आणि कन्व्हर्टरचा जो लांब गळा, ज्याला हब म्हणतात, त्याच्या टोकाला दोन खाचा असतात. गिअरबॉक्सच्या तोंडाशीच तेलाचा पंप असतो आणि त्या पंपाच्या आतल्या गिअरला दोन कान असतात. खाचा त्या कानांत अडकायला हव्यात. हे तिसरं घर. काही गिअरबॉक्सात खाचांऐवजी हबला दोन सपाट बाजू असतात. कुठलं घर आधी लागतं हे गिअरबॉक्सप्रमाणं बदलतं, पण पंपाचं घर बहुतेक वेळा शेवटी लागतं आणि फसवणूक तिथंच होते. पहिली दोन लागली की कन्व्हर्टर छान मोकळा फिरतो. डोळ्याला बसल्यासारखा दिसतो. हातालाही तसंच वाटतं. पंप मात्र अजून एकटाच असतो.

आणि पंपाशिवाय ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे रक्त न फिरणारं शरीर. लोक म्हणतात ऑटोमॅटिकमध्ये क्लच नसतो. पायाखाली नसतो हे खरं, पण आत एकावर एक चकत्या रचलेले कितीतरी क्लच असतात आणि ते सगळे तेलाच्या दाबानं लागतात. हा दाब पंप देतो. पंपाला कन्व्हर्टरचा हब फिरवतो आणि हबला इंजिन. म्हणून अशी गाडी धक्का मारून सुरू होत नाही. इंजिन बंद असलं की पंप बंद, दाब नाही, क्लच नाहीत, तुम्ही चार जण ढकला की चाळीस. आणि म्हणूनच बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी, जोर मिळणारी चाकं रस्त्यावर ठेवून, दोर बांधून लांब ओढत आणायची नाही. आत फिरणाऱ्या भागांना तेल पोचत नाही आणि ते कोरडेच घासत राहतात. गगनबावड्याच्या घाटातून अशी ओढून आणलेली गाडी मी खोलली आहे. आतल्या बुशींचा रंग निळा पडला होता. बिचाऱ्या गिऱ्हाइकाला कुणी सांगितलंच नव्हतं.

(एएमटी गाड्यांचं हे नव्हे. 2014 ला सेलेरिओबरोबर एएमटी आपल्याकडं आली आणि तेव्हापासून रोज कुणीतरी विचारतं, माझ्या गाडीचा कन्व्हर्टर बघा जरा. त्यात कन्व्हर्टर नसतोच. साधा गिअरबॉक्स, साधा क्लच, फक्त पाय आणि हात यंत्राचे. पण 2016 ची इनोव्हा क्रिस्टा ऑटोमॅटिक घेऊन कुणी आलं, तर तिथं तो आहे. या गाड्या वाढल्यापासून उद्यमनगरात हे काम पुष्कळ वाढलं.)

आता जे सांगायचं ते सांगतो.

2013 चा आषाढ. आठ दिवस पाऊस उघडला नव्हता, पंचगंगेचं पाणी घाटाच्या पायऱ्या चढून आलेलं. कागलकडचे एक शेतकरी आपली डिझेल एसयूव्ही घेऊन आले होते, मागच्या चाकांवर चालणारी, ऑटोमॅटिक. क्रँकचं मागचं सील गळत होतं. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. सील दीड-दोनशे रुपयांचं आणि काम दोन दिवसांचं, असा तो प्रकार. एकादशीला त्यांच्या आईला पंढरपूरला न्यायचं होतं, दरवर्षीप्रमाणं. मी शब्द दिला, दशमीच्या आधल्या रात्री गाडी तयार.

रात्रीचे साडेदहा वाजले होते. हेल्परला घरी पाठवलं होतं, कारण नदीपलीकडं राहणाऱ्याला उशीर करून चालत नव्हतं. कन्व्हर्टर मी आधीच बसवून ठेवला होता. किती घरं लागली हे मी तेव्हा मोजत नसे. हाताला मोकळा लागला म्हणजे बसला. शिवाय एक चूक केली होती. गिअरबॉक्स आडवा करून ट्रॉलीवर घेताना कन्व्हर्टर तारेनं बांधायचा असतो, बेल हाउसिंगच्या एका भोकातून दुसऱ्या भोकात तार आडवी घालून, म्हणजे तो पुढं सरकत नाही. तार मी बांधली नव्हती. आजही मला नेमकं सांगता येत नाही, की तिसरं घर मुळातच लागलं नव्हतं की आडवं करताना सुटलं.

गिअरबॉक्स जॅकवर चढवला, डॉवेल पिनांना, म्हणजे जागा जुळवणाऱ्या खुंट्यांना, तोंड लागलं, आणि बेल हाउसिंग इंजिनापासून बोटभर लांब थांबला. हलवून पाहिला. जॅक थोडा वर, थोडा खाली. कोन बदलला. एक बोट अंतर तसंच. बाहेर पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की माझाच श्वास मला ऐकू येत नव्हता. मग मी जे केलं ते या धंद्यात कधीच करायचं नसतं. वरचे दोन बोल्ट लावले आणि आवळायला घेतले. एकदा डावा, एकदा उजवा, मग खालचे दोन, अर्धा अर्धा आटा, अगदी काळजीपूर्वक, समान. काळजी चुकीच्या गोष्टीची घेतली जात होती. बेल हाउसिंग पुढं यायला लागला. चार मिलिमीटर उरले असतील तेव्हा पाना जड झाला. मी जोर वाढवला. आणि आत कुठंतरी टिक् असा आवाज झाला.

तो आवाज मी ऐकला. इतक्या पावसात ऐकला. बोल्ट त्यानंतर मऊ झाले आणि फट मिटली. मी स्वतःला सांगितलं, दाते जुळले.

गाडी सुरू केली तेव्हा पुढच्या बाजूनं एक लांब कण्हल्यासारखा आवाज यायला लागला. डी मध्ये टाकली, गाडी हलली नाही. आर मध्ये टाकली, नाही. अर्ध्या मिनिटात बंद केली. दुसऱ्या दिवशी खोलल्यावर पंपाचा आतला गिअर दोन तुकड्यांत निघाला. त्याचा एक कान मुळापासून उडालेला आणि पंपाच्या पोटात खोल ओरखडे. तेलात चांदीसारखी चमक. हे तेल बोटावर घेऊन उजेडात धरलं की पोटात गोळा येतो, ज्यानं धरलंय त्याला माहीत आहे.

झालं होतं ते असं. हबच्या खाचा कानांसमोर नव्हत्या. हब कानांच्या डोक्यावर टेकून उभा होता. बोल्ट आवळत गेलो तसं सगळं ओझं हबनं त्या गिअरवर टाकलं, आणि गिअरला मागं सरकायला जागाच नव्हती, मागं पंपाची भिंत. बोल्टाची ताकद टनांत असते. माणसाच्या हाताला जिथं अडकल्याचं कळतं, तिथं बोल्टाला काहीही कळत नाही.

मालकांना फोन करून बोलावलं आणि तुटलेला गिअर त्यांच्या हातात दिला. काय केलं ते सांगितलं. ते चिडले. खूप बोलले, आणि त्यातला एकही शब्द जास्तीचा नव्हता. पंप मुंबईहून यायला अकरा दिवस लागले आणि त्याचे पैसे, कन्व्हर्टर साफ करून घेण्याचे पैसे, नवं तेल, सगळं मी भरलं. माझ्या दोन महिन्यांच्या कमाईपेक्षा ते जास्त होतं. दशमीला मी माझ्या व्हॅनमधून त्यांना आणि त्यांच्या आईला पंढरपूरला घेऊन गेलो. ते वाटेत माझ्याशी बोलले नाहीत. आई मात्र मागच्या सीटवरून सांगोल्यापर्यंत तीनदा विचारत राहिल्या, "गाडी बरी होईल न्हवं रं?" घरातलं जनावर आजारी पडावं आणि माणसानं विचारावं, तशा सुरात. मी म्हणत होतो, "होईल आई. माझ्यामुळं झालंय, मीच बरी करणार." त्या म्हणायच्या, "व्हय, व्हय," आणि पुन्हा माळ ओढायला लागायच्या.

त्या अकरा दिवसांत मी मॅन्युअल नीट वाचलं. इंग्रजीत होतं, शब्दकोश घेऊन वाचलं. तिथं एका चित्रात अर्ध्या पानावर सगळं होतं. बेल हाउसिंगच्या तोंडावर एक सरळ पट्टी आडवी ठेवायची. पट्टीपासून कन्व्हर्टरच्या बोल्ट लावायच्या जागेपर्यंत खोली व्हर्नियरनं मोजायची. ती कमीत कमी किती असावी याचा आकडा दिलेला असतो आणि तो प्रत्येक गिअरबॉक्सचा वेगळा असतो. तेवढी खोली भरली तर तिन्ही घरं लागली. कमी भरली तर नाही. दोन मिनिटांचं काम. हे वाचून मला स्वतःचा राग आला, पण त्याहून जास्त राग याचा आला की ज्यांनी मला हे काम शिकवलं त्यांनाही ते कुणी दाखवलं नव्हतं. आमच्याकडं ज्ञान उस्तादाच्या हातातून पोराच्या हातात येतं. हात फार मोठी गोष्ट आहे, मी त्याला कधीच कमी लेखणार नाही. पण पुस्तकातलं चित्र इंग्रजीत अडकून राहतं आणि तेवढ्यासाठी कुणाचं तरी पंढरपूर राहतं. मी त्या चित्राखाली मराठीत लिहून त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि आमच्या गल्लीतल्या सात गॅरेजांत वाटल्या. दोघांनी भिंतीला चिकटवल्या.

माझ्या भिंतीवर पेंटरकडून एकच ओळ लिहून घेतली आहे: हातानं मिटलं नाही तर बोल्ट लावायचा नाही.

आता मी ज्या पद्धतीनं बसवायला सांगतो ती अशी. आधी हब पाहायचा, जिथं सीलचा ओठ घासतो तिथं नख फिरवून. नख अडकलं तर झिरो पेपर, म्हणजे अगदी बारीक घासकागद, मग फडक्यानं स्वच्छ. गिअरबॉक्सचंच तेल सीलला आणि हबला बोटानं लावायचं. नव्या किंवा रिकाम्या कन्व्हर्टरमध्ये एक लिटरच्या आसपास तेल सावकाश ओतायचं. घाई केली की ते हबमधून परत वर येतं, म्हणून थांबत थांबत, जसं तान्ह्याला चमच्यानं पाजतात. मग आत वाकून पंपाचे दोन कान कुठल्या दिशेला आहेत ते पाहायचं आणि बेल हाउसिंगच्या कडेवर खडूनं खूण करायची. कन्व्हर्टर उलटा करून हबच्या खाचा पाहायच्या आणि त्याच रेषेत कन्व्हर्टरच्या बाहेरच्या कडेवर खूण. म्हणजे खाली गेल्यावर न दिसणारी गोष्ट वर दिसत राहते. दाते बारीक असतात, थोडं इकडंतिकडं झालं तरी पुढचा दाता लगेच मिळतो. कान मात्र दोनच, त्यामुळं पूर्ण फेऱ्यात जागाही दोनच.

खाली सोडताना वजन सीलवर टाकायचं नाही. आणि दाबायचं तर नाहीच. किंचित उचलून धरायचं, फिरवायचं, थोडं डोलवायचं. इथं मला पुन्हा आजी आठवते, जात्यापाशी बसलेली. जात्याचा वरचा दगड साफसफाईनंतर परत खालच्या दगडाच्या मधल्या खुंट्यावर ठेवताना ती तो कधी दाबायची नाही. खुंट्यावर नुसता टेकवायची आणि मनगटानं हलके फिरवायची. एका जागी आला की दगड स्वतःहून खाली बसायचा, धप्प न होता. ती हात काढून घ्यायची. मी विचारलं होतं, कसं कळतं गं? ती म्हणाली, जड लागायचं थांबतं. कन्व्हर्टरचं तंतोतंत असंच आहे. प्रत्येक घर लागलं की तो हातातून थोडा निसटतो आणि हाताला हलकं वाटतं.

बसल्यावर मोजायचं, तार बांधायची, मगच आडवा करायचा. इंजिनाला लावताना बेल हाउसिंग डॉवेल पिनांवर हातानंच पूर्ण टेकला पाहिजे, चारी बाजूंनी. मग बोल्ट. आणि मग एक तपासणी राहते, जी घाईत सगळेच विसरतात. खालच्या खिडकीतून कन्व्हर्टर हातानं फिरवून बघायचा, इंजिनाच्या प्लेटला जोडायच्या आधी. तो मोकळा फिरला पाहिजे आणि प्लेटपासून थोडा मागं असला पाहिजे. बऱ्याच गिअरबॉक्सांत हे अंतर तीन ते पाच मिलिमीटर असतं. बोल्ट लावले की कन्व्हर्टर तेवढा पुढं येतो, खाचा कानांतून तेवढ्याच पुढं सरकतात पण सुटत नाहीत. मागं तेवढी जागा मोकळी राहते. ती हवीच, कारण गरम झाल्यावर आणि आत दाब आल्यावर कन्व्हर्टर फुगतो. अंतर शून्य असेल तर तो फुगून थेट पंपावर रेटणार. पुढची पुली पान्यानं फिरवत एकेक बोल्ट खिडकीत आणायचा, आधी सगळे हातानं, मग टॉर्क रेंचनं. बोल्ट मूळच्याच लांबीचे. लांब बोल्ट घातला तर त्याचं टोक कन्व्हर्टरच्या पत्र्यात आतून पोक काढतं आणि लॉकअप क्लच घासतो.

तर त्या दिवशी ती मुलगी. पट्टी आडवी ठेवली, व्हर्नियर लावला, आकडा वाचला. मॅन्युअलच्या झेरॉक्सवर बोट ठेवून खात्री केली. नऊ मिलिमीटर कमी.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी फडक्यानं पाने पुसत होतो आणि पुसतच राहिलो. हे शिकवून येत नाही असं नाही, पण तिसरं घर कसं लागतं ते दुसऱ्याच्या हातातून कळत नाही. तिनं आधी थोडं फिरवून पाहिलं. मग थांबली. कन्व्हर्टर पूर्ण वर काढला, सीलची कड बॅटरीनं तपासली. दुमडली नव्हती. पंपाचे कान पाहिले. तिची बेल हाउसिंगवरची खूण बरोबर होती, कन्व्हर्टरवरची खूण मात्र खाचेपासून बोटभर बाजूला पडली होती. ती पुसली आणि नवी केली. आत थोडं तेल कमी झालं होतं ते भरलं. या सगळ्याला वीस मिनिटं गेली. बाहेर गिऱ्हाईक दोनदा डोकावून गेलं, तिसऱ्यांदा मी त्यांना चहा पाजायला घेऊन गेलो.

परत आलो तेव्हा ती तशीच वाकलेली होती. दोन घरं लागलेली. डोळे मिटून, दोन बोल्टांच्या मुठींवर फक्त बोटांची टोकं ठेवून, खूण खुणेजवळ आणत होती. किंचित पुढं, किंचित मागं. शेजारी लेथ चालू होतं, पलीकडं कुणी पत्रा ठोकत होतं.

कन्व्हर्टर तिच्या हातातून खाली गेला. आवाज फारसा झालाच नाही. तिचे हात तसेच हवेत राहिले.

"गेला," ती एवढंच म्हणाली. मग पट्टी, व्हर्नियर. आकडा भरला, वर अर्धा मिलिमीटर जास्त.

"आता फिरव," मी म्हटलं. "आणि ऐक."

तिनं कान बेल हाउसिंगच्या कडेजवळ नेला आणि कन्व्हर्टर हळूहळू फिरवला. मघासारखा तो सैल फिरत नव्हता, हाताला थोडी ओढ होती, तेलातून पळी फिरवावी तशी. आत, त्या जाड लोखंडाच्या मागं, पंपानं पहिला घोट घेतला. चुळ्ळ्. तिनं पुन्हा फिरवला. पुन्हा चुळ्ळ्. मीही वाकलो आणि पलीकडच्या बाजूनं कान लावला.